दोघांपुरता रस्सा

मास्तरांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला आणि त्याच दिवशी घरातली सत्ता पालटली.

डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, आणि मी सांगेपर्यंत शेगडीच्या धगीजवळ, वाफेजवळ फिरकायचं नाही. शेवटचं वाक्य बोलताना त्या मास्तरांकडे बघून हसल्या. पुरुषमाणूस कशाला जातंय शेगडीजवळ, असं ते हसू होतं. मास्तरांचा चेहरा पडला. शेजारी बसलेल्या मावशींचा त्याहून पडला. कारण त्या घरात स्वयंपाक मास्तर करत. लग्न झाल्यापासून.

मावशी खरं तर कुणाच्याच मावशी नव्हत्या. मुलींच्या वसतिगृहाची मेस त्यांनी आयुष्यभर चालवली, आणि तिथल्या पोरी त्यांना मावशी म्हणत. मग दूधवाला म्हणू लागला, मग शेजारी. पोटची लेक बोलायला लागली तेव्हा तीसुद्धा पहिल्यांदा 'मावशी'च म्हणाली. तिला समजावून 'आई'वर आणावं लागलं. मास्तर म्हणजे शिंपी. घराखालच्याच गाळ्यात त्यांचं मशीन खडखडत असे आणि गळ्यात टेप असे. तो टेप काढून ठेवला की माणूस उघडा पडल्यासारखा दिसे.

नवी नवरी असताना मावशींनी एकदाच घरी भात लावला होता. मेसमधल्या पातेल्यात ढवळायला वल्ह्याएवढा लाकडी दांडा लागे, आणि पातेलं घासायला बाई आत उतरे. त्या हाताने लावलेला दोघांचा भात झाकण उचलून बाहेर आला. दोन दिवस सगळी चाळ भात खात होती. तेव्हा मास्तरांनी हातातला डाव काढून घेतला आणि म्हणाले, "तू बस. दिवसभर उभी असतेस. मी दिवसभर बसूनच असतो." एवढंच बोलणं झालं. ना भांडण, ना वाटाघाटी. पुढे सासूबाई आल्या. मुलाच्या हातात झारा बघून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या, जेवताना मात्र दोनदा वाढून घेतलं. निघताना सुनेशी एक शब्द न बोलता मुलाला हळूच विचारून गेल्या, वांग्यात काय घालतोस रे.

तर असा हा राजपाट मास्तरांनी डोळ्यावर काळा चष्मा लावून मावशींच्या हवाली केला. ओट्याजवळ खुर्ची टाकून, धगीपासून लांब बसून, एकेका डब्याकडे बोट दाखवत त्यांनी ओळख करून दिली. एकाही डब्यावर नाव नव्हतं. साखर आणि मीठ तर जुळ्या बहिणींसारख्या डब्यांत.

"गोंधळ नाही होत?" मावशींनी विचारलं.

"काखेत आणि कॉलरमध्ये गोंधळ होतो का माझा?"

"राहू दे. दोनशे पोरींना जेवू घातलंय मी रोज दोन वेळा. तुमचं एक पोट ते काय, माझ्या डावातला थेंब."

बोलून गेल्या खऱ्या. त्या रात्रीच्या भाताला त्यांनी आठवणीने हात आखडला, तरी भात झाला सहाजणांचा. भाजी झाली पाणीदार. तिला ना मीठ लागलं होतं ना मसाला. वांगी नुसती आंघोळ करून बसल्यासारखी. मास्तर शांतपणे जेवले आणि म्हणाले, "छान आहे."

मावशींनी ताटाकडे बघितलं.

मेसमध्ये एक खिडकी होती. पोरी जेवून उष्टी ताटं त्या खिडकीतून आत सरकवत. मावशी रोज थोडा वेळ तरी तिथे उभ्या राहत. रेक्टरबाई पोरींना विचारत, जेवण कसं होतं, आणि पोरी सुरात सांगत, छान होतं. तोंडाला शिकवता येतं. ताटाला येत नाही. कुठल्या भाजीचा ढिगारा परत आला, कुणी शेंगा चोखून टाकल्या आणि कुणी नुसत्याच टाकल्या, कुठलं ताट पावाच्या शेवटच्या तुकड्याने पुसून लख्ख आलं, हे त्या एका नजरेत वाचत. उद्याचा स्वयंपाक त्या ताटांवरून ठरे. पुसलेलं ताट म्हणजे त्यांची पगारवाढ होती. खरी पगारवाढ क्वचितच व्हायची.

मास्तरांच्या ताटात भाताचा डोंगर तसाच होता, आणि वांग्याच्या फोडी डोंगराच्या पलीकडे लपवलेल्या होत्या.

पुढच्या दिवसांतही तेच. "छान आहे," आणि ताट भरलेलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला 'तुम्हाला हा रंग शोभतो' असं खोटं सांगितलं नाही, तो घरात दोन वेळा खोटं बोलायला लागला. उरलेलं अन्न मावशी जिन्याखालच्या कुत्र्याला घालत. तिसऱ्या दिवशी कुत्रं मावशींचं पाऊल ओळखून उठून गेलं.

हे मात्र त्यांना लागलं. दोनशेजणींची मावशी, आणि एका माणसाचं ताट पुसलेलं येत नाही. ज्या माणसाने आपल्याला इतकी वर्षं आयतं जेवू घातलं, त्याला आपल्या हातचं एक जेवण धड मिळू नये? मास्तरांचं ताट एकदा तरी लख्ख यायला हवं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. दुसरं काही सुचेना.

लेकीला फोन केला तर ती हसून हसून बेजार झाली. "आई, बाबांना काय उपाशी ठेवलंयस तू?"

"हस. आणि उपाय सांग."

"तुझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून देते. काय करायचंय ते निवड, किती माणसांसाठी ते सांग. ते सामानाची यादी देतं, आणि स्वयंपाक करताना एक बाई बोलून सांगते काय करायचं ते."

"म्हणजे सासू."

"सासू म्हण हवं तर. पण हिला बंद करता येतं."

हा फायदा मावशींना पटला.

ॲपमधल्या बाईचा आवाज गोड होता. वय सांगता येणार नाही असा, न घामेजलेल्या माणसाचा आवाज. 'आता कांदा बारीक चिरून घ्या.' 'आता मंद आचेवर परता.' मावशींनी फोन साखरेच्या डब्याला, किंवा मिठाच्या, टेकवून उभा केला आणि कंबर कसली. पण त्या बाईला थांबण्याची सवय नव्हती. कांदा अर्धा चिरून होतोय तोवर ती टोमॅटोवर गेलेली. आणि मावशी टोमॅटोवर पोचल्या की नेमका फोन काळाठिक्कर. ओल्या बोटाने उठवायला जावं तर उठेना.

"ऐन तेल तापल्यावर झोपते ही," मावशी पुटपुटल्या.

बाहेरच्या खोलीतून मास्तरांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"तुमच्या आईसारखं कुणीतरी. दिसत नाही, पण सांगतंय."

"मग ऐक. आईचं ऐकलं नाहीस तू."

सामानाची तर वेगळीच तऱ्हा. ॲपमधल्या यादीत प्रत्येक जिन्नसापुढे एक रिकामा चौकोन; वस्तू घेतली की बोट टेकवायचं, चौकोनात खूण उमटे. मावशींना हे आवडलं. कोपऱ्यावरच्या भाजीवालीपुढे त्या फोन घेऊन उभ्या राहिल्या. भाजीवालीला मास्तरांची सवय होती. ते दोन बोटांनी कापड तपासावं तशी पालेभाजी तपासत. मावशींना मात्र पोत्याची सवय. मेसमध्ये टेम्पो येई, पोती उतरत, मावशी एका पोत्यात हात घालून मधला एक बटाटा काढत आणि तेवढ्यावरून पोतं ठरे. चार बटाटे कसे घ्यायचे हे त्यांना कधी कळायची वेळच आली नव्हती. त्यांनी एक बटाटा उचलला, ठेवला, दुसरा उचलला, नाकाशी धरला, पहिल्याशी ताडून बघितला.

"मावशी," भाजीवाली म्हणाली, "भाजी करायचीय की स्थळ बघताय?"

"चारच घ्यायचेत. चुकला तर पाव हिस्सा स्वयंपाक चुकला."

"मास्तर तर नुसत्या बोटांनी, डोळे झाकून घेतात."

"आता डोळे झाकूनच बसलेत ते. बरं, दोन लसूण पाकळ्या दे."

भाजीवालीने वर बघितलं. "दोन काय?"

"पाकळ्या." मावशींनी फोन पुढे केला. मेसमध्ये जेवढं पातेल्यात जायचं तेवढंच मागवायचं, ना कमी ना जास्त, हा नियम. तो मोडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "आणि चमचाभर कोथिंबीर."

"पाकळ्या मोजून विकल्या ना मावशी, तर संध्याकाळी मलाच कुणाच्या तरी दारात जेवायला बसावं लागेल. घ्या हा गड्डा. कोथिंबीर अशीच घ्या, चमचा नाही आणला मी आज."

एवढं करून त्या गोड आवाजाच्या बाईने शिकवलेलं सूप, भात, आणखी कसलं कसलं केलं, ते वाईट नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरी जेवल्यासारखं होतं. मास्तर म्हणाले, "छान आहे." ताट निम्मं आलं. प्रगती म्हणायची तर म्हणा.

मग मावशींना रविवारचा रस्सा आठवला.

मेसमध्ये रविवारी दुपारी बटाटे-टोमॅटोचा रस्सा आणि पाव असे. साधी गोष्ट. पण शनिवारी रात्रीपासून पोरी विचारत, मावशी, उद्या आहे ना. त्या दिवशी खिडकीत ताटं अशी येत की घासणाऱ्या बाईने एकदा विचारलं, ही धुवायचीत की मांडणीवर लावू? तो रस्सा मास्तरांनी कधी खाल्लाच नव्हता. रविवारी दुपारी मावशी तिकडे आणि मास्तर इकडे लेकीला भरवत बसलेले. इतक्या वर्षांत हे कधी लक्षातच आलं नाही.

ॲपमध्ये आपली स्वतःची पाककृती घालायची सोय होती. मावशींनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत दोनशे माणसांचा रस्सा त्यात घातला. ते माप त्यांना झोपेतही पाठ होतं. मग माणसांच्या आकड्याशेजारी उणे चिन्ह होतं, त्यावर बोट ठेवलं. आकडा एकेकाने उतरू लागला. एकेक पोरगी रांगेतून उठून चालली होती. ती दोन वेण्यांची, जी पावाखाली जादा बटाटा लपवायची. ती, जी परीक्षेच्या दिवसांत पुस्तक ताटाला टेकवून जेवायची आणि एकदा चुकून पानाचा कोपरा खाऊन बसली. ती रडूबाई, जिला पहिला आठवडाभर मावशींनी शेजारी बसवून भरवलं, आणि जी पुढे वसतिगृह सोडून जाताना मिठी मारून रडली तेव्हा मावशींच्या पदराला रश्शाचा डाग होता आणि तो तिच्या गालाला लागला. खोली रिकामी होत गेली. शेवटी आकडा दोनावर येऊन थांबला. एका बाकावर मावशी, एका बाकावर मास्तर.

मावशींनी डोळे पुसले आणि माप वाचलं. बाकी सगळं ठीक होतं, पण एका ठिकाणी त्या अडल्या.

"अहो, इकडे या. लांबच उभे राहा. आणि टेप घेऊन या."

मास्तर टेप घेऊन उंबऱ्यापाशी आले. टेप म्हटल्यावर त्यांच्या चालीत जरा जीव आला होता.

"हे तमालपत्र. ह्याचा आठवा भाग कापून द्या. आठव्याहून थोडा कमी."

मास्तरांनी पान हातात घेतलं, काळा चष्मा कपाळावर सरकवला, चांगल्या डोळ्याने पानाची लांबी मोजली, मग रुंदी. "उभा कापू की आडवा?"

"कसाही कापा."

"कसाही कापतात का? पान टोकाला निमुळतं आहे. आणि शिलाईचा भाग सोडायचा का?"

"मास्तर, रश्शात घालायचंय. मुंजीला नेसवायचं नाही."

त्यांनी कात्रीने नखाएवढा तुकडा कापून तळहातावर ठेवला. दोघं त्याकडे बघत राहिले.

तो रस्सा खाली लागला. बटाटे शिजायच्या आत पाणी उडून गेलं, तेल तर कुठे गेलं कळलंच नाही, मसाल्याचा नुसता भास. मावशींनी वरवरचा रस्सा काढून वाढला. मास्तर म्हणाले, "छान आहे. जरा धुरकट लागतोय, पण ते बरं असतं म्हणतात." ताटावर त्यांनी पाव पालथा घालून ठेवला होता, खाली काय आहे ते दिसू नये म्हणून.

मावशी ओट्याला टेकून खाली बसल्या. हे तर त्यांचंच माप होतं. ॲपवाल्या बाईवर ढकलावं तर तिने नुसता भागाकार केला होता, आणि तोही बरोबर. मग चुकलं कुठे?

"अगं," मास्तर उंबऱ्यावरून म्हणाले, "एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा."

"मी शिकाऊ होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाने बाळाचं झबलं शिवायला दिलं. मी हुशार. त्याच माणसाच्या सदऱ्याचं माप माझ्याकडे होतं. मी काय केलं, सगळं माप निम्म्यावर आणलं. बाह्या, छाती, गळा, सगळं. अगदी सदऱ्याचं पिल्लू. पण बाळाचं डोकं गळ्यातून जाईना. आणि शिलाईचा भाग, आत दुमडतो ते जादा कापड, तोही निम्माच धरलेला, तो धुतल्याबरोबर उसवला. उस्तादांनी ते झबलं महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर टांगून ठेवलं होतं. म्हणाले, माप लहान होतं, शिलाईचा भाग लहान होत नाही. तो सदऱ्याला जेवढा तेवढाच झबल्याला. म्हणून म्हणत होतो मघाशी—"

मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या.

त्यांना आठवला तो मेसमधला म्हातारा आचारी, ज्याच्या हाताखाली त्या पहिल्यांदा लागल्या. वीस माणसांचा मसाला त्यांनी दहापट करून पातेल्यात ओतायला घेतला, तेव्हा त्याने मनगट धरलं होतं. म्हणाला होता, पोरी, बटाटे पटीने वाढव, मसाला पटीने वाढवशील तर आज रात्री सगळ्या पोरी पाण्याच्या टाकीवर झोपतील. मोठ्या पातेल्याला पाणीही पटीने लागत नाही, तेलही नाही. माणसं वाढतात तसा हात आखडायचा. ते त्यांनी असं शिकून घेतलं की पुढे ते शिकलेलं आहे हेच विसरल्या. वर चढतानाच हात आखडलेला होता. मग खाली उतरताना तो सैल सोडायला नको? वर चढायची वेळ नेहमी आली, पोरी वाढतच गेल्या. खाली उतरायची वेळ आली नव्हती.

"शिलाईचा भाग," मावशी म्हणाल्या.

"हो, पण मी म्हणत होतो—"

"कळलं. तुम्ही बाहेर बसा आता, डोळा सांभाळा."

रविवार होता दुसऱ्या दिवशी. मावशींनी ॲप उघडलं, बटाटे-टोमॅटो त्यातल्याप्रमाणे घेतले, आणि पुढे त्या गोड बाईचा आवाज बंद केला. तेल कढईचा तळ मागेल तेवढं. पाणी उडून जाणारं धरून. मसाला सढळ, आणि तमालपत्र एक, अख्खं, न कापलेलं. कांदा खमंग झाला तसा वास बाहेरच्या खोलीत गेला, आणि मास्तरांचा रेडिओ बंद झाला. मावशींनी चमच्याने चाखलं. क्षणभर त्यांच्या कानात दोनशे ताटांचा खणखणाट झाला. हाच तो.

मास्तर जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि थांबले. मावशींनी हे थांबणं पोरींच्या चेहऱ्यावर हजारदा बघितलं होतं. मग त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि चमचा खाली ठेवला.

"मीठ जरा पुढे गेलंय," ते म्हणाले. "बटाटाही थोडा कच्चट आहे. पोट भरलं माझं."

ताट निम्म्याहून जास्त भरलेलं होतं.

मावशींनी ताट स्वतःकडे ओढलं. इतके दिवस तोंड 'छान' म्हणायचं तरी. आज तोंडही गेलं आणि ताटही. त्यांनी स्वतः चाखलं होतं, मीठ बरोबर होतं. पण मग ताटाचं काय? ताट कधी खोटं बोललं होतं? वयाबरोबर जीभ जाते म्हणतात. गेली असेल. दोनशे पोरीही बहुधा मावशीचं मन राखायला पुसून खात असतील, असलं काहीबाही मनात येऊ लागलं. त्यांनी भांडी तशीच झाकून ठेवली, बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या, आणि उद्यापासून कोपऱ्यावरच्या खानावळीतून डबा लावायचा हे ठरवून टाकलं. लेकीला म्हणायचं, ती बाई काढून टाक फोनातून.

डोळा लागतोय न लागतोय तोच स्वयंपाकघरात झाकण वाजलं. अगदी हळू, झाकण वाजू नये अशा बेताने ठेवताना वाजतं तसं.

मावशी अनवाणी उठल्या. कढई ओट्यावरून खाली, जेवणाच्या टेबलावर आली होती. मास्तर पाठमोरे उभे होते. एका हातात पाव. ते कढईतून पाव फिरवत होते, कडेकडेने, खडूने रेघ ओढावी तसा, आणि प्रत्येक घासाला मान हलवत होते.

"काय चाललंय?"

मास्तरांची पाठ ताठ झाली. "गॅस बंद आहे का बघत होतो."

"कढईत?"

"वाफेजवळ जायचं नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई. हा गार आहे. मी नियम मोडलेला नाही."

"मीठ पुढे गेलं होतं ना?"

मास्तर वळले. हनुवटीवर रस्सा होता. काळ्या चष्म्यामुळे अर्धा चेहरा कळत नव्हता, पण उरलेला अर्धा कळण्यासारखा होता.

"तू ताट बघतेस," ते म्हणाले. "पहिल्यापासून माहीत आहे मला. तोंडाने काहीही म्हटलं तरी तुझा विश्वास ताटावर. म्हणून आज ताटालाच खोटं बोलायला लावलं."

"पण का?"

मास्तरांनी पावाचा तुकडा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "वाईट होतं तोवर बरं होतं. मी छान म्हणायचो, तू चिडायचीस, ठीक चाललं होतं. पण हे..." त्यांनी कढईकडे पावाने खूण केली. "हे असं करायला लागलीस तू, तर डोळा बरा झाल्यावर मी काय करायचं? मशीन विकलं. सुईत दोरा ओवता येईना. हा एवढा ओटा राहिला होता हातात. तोही गेला, तर मी काय खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं मोजू?"

मावशींना हसू आलं. त्यांनी ते गिळलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मेस सोडल्यापासून मी तेच करतेय, मास्तर. मोजून झाली सगळी. तुमच्यासाठी एक माणूस शिल्लक नाही ठेवलेलं."

 हे मास्तरांच्या कधी ध्यानात आलं नसावं. मावशी रोज खिडकीत बसतात ती त्यांना विश्रांती वाटत होती. आयुष्यभर उभी राहिलेली बाई, बसू दे बापडी.

"बसा," मावशी म्हणाल्या. "उभ्याने खाऊ नका. आणि तो पाव मोडा अर्धा."

दोघं कढईत एकेक बाजू धरून खाऊ लागले. 

"हे घ्या तुमचं स्वयंपाकघर," मावशी म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या की त्या दिवशी घ्या. रोज उठून दोघांचा भात लावणं माझ्याने व्हायचं नाही. त्या दोन पाकळ्यांनी माझा जीव घेतला. पण रविवार मला हवा."

"सकाळचा देतो."

"अख्खा."

"अख्खा रविवार म्हणजे फार होतं. संध्याकाळी तू काय करणार? मेसमध्ये रविवारी संध्याकाळी काय असायचं?"

"दुपारचं उरलेलं."

"उरायचं?"

"नाही."

मास्तरांनी कढईकडे बघितलं. तीतही आता उरण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यांनी शेवटचा तुकडा तळाशी दाबून गोल फिरवला, काळजीपूर्वक, एक कड राहिली होती तिथून परत फिरवला.

"बरं," ते म्हणाले. "अख्खा घे. पण मीठ मी बघणार."

"बघा," मावशी म्हणाल्या. "लांबून. एका डोळ्याने."